मांडीत मावणारी गिटार

मी तुळशीपाशी जपाला बसले होते आणि केतकी फाटक उघडून आत आली. पाठीवर काळी पिशवी होती; दप्तराहून लांब, वर निमुळती होत गेलेली. माझ्याकडं एकदा बघून ती अंग चोरून भिंतीच्या कडेकडेनं घरात गेली. एवढ्याशा अंगणात काय लपतंय? पण मला विचारता येईना. माळ हातात असताना मी बोलत नाही, हा माझा माहेरपासूनचा नेम. आणि मी विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं, कारण त्या दिवसांत डॉक्टरांनी तिचं बोलणंच बंद केलं होतं.

माळ संपता संपेना. मणी पुढं जात होते आणि मी मागं राहत होते. मग आतून आवाज आला. तारेचा. कोरडा, पत्र्याच्या डब्यात खडा पडावा तसा.

तेवढ्यात हे डेपोतून आले. हे एसटीत वाहतूक नियंत्रक. दिवसभर माइकवर गाड्या पुकारायच्या आणि घरी आल्यावरही तोंड तसंच चालू ठेवायचं, असा ह्यांचा स्वभाव.

"एक मौनी बाहेर, एक मौनी आत," फाटकातूनच हे म्हणाले. "आणि हे वाजतंय काय? पाण्याची मोटर बिघडली का?"

मी बोटानं आतली खोली दाखवली. हे आत गेले, आणि मी कसाबसा जप पुरा करून त्यांच्या मागोमाग.

केतकी पलंगावर मांडी घालून बसली होती. मांडीत गिटार. ऑर्केस्ट्रातल्या मुलांच्या गळ्यात पाहिलेल्या गिटारींच्या निम्मीच असेल; तिच्या मांडीत अख्खी मावली होती. शेजारी पाटी होती. बोलायचं बंद झाल्यापासून ती पाटीवर लिहायची. तिनं लिहिलं, 'ट्रॅव्हल साइज. प्रवासात न्यायची असते. सांगलीला स्वस्तात मिळाली.'

"प्रवासातली?" हे म्हणाले. "मग हिला हाफ तिकीट पडतं का फुल?"

केतकीला हसू फुटलं, आणि तिनं लगेच गळ्यावर हात ठेवून ते दाबलं. हसायलाही बंदी होती.

"तुला गिटार येते कुठं?" मी विचारलं.

'शिकेन,' तिनं लिहिलं.

"आणि गाणं?"

तिनं पाटी पुसली. पुन्हा काही लिहिलं नाही.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. पण ती कोरी पाटी मला अजून दिसते.

केतकी शाळेत जायला लागली त्याच वर्षी मी तिला आष्टेकरबाईंच्या पुढ्यात नेऊन बसवलं होतं. आमच्या मिरजेत गाणं शिकणारी पोरगी घरटी एक सापडेल, पण हिचा गळा वेगळा, असं बाई स्वतः म्हणायच्या, आणि बाई कुणाला उगीच चांगलं म्हणणाऱ्यांतल्या नव्हत्या. पहाटेचा रियाज, संध्याकाळची शिकवणी, परीक्षा, स्पर्धा. बाकीच्या पोरी अंगणात खेळायच्या तेव्हा ही आत पलटे घोटत असायची. दर दसऱ्याला, घट उठतात त्या दिवशी, आमच्या गल्लीतल्या यमाईच्या देवळात हिच्या गाण्याची सेवा असायची. मी खांबाला टेकून डोळे मिटून ऐकायची. माझी सगळी पूजा त्या एका बैठकीत देवीला पोचते असं मला वाटायचं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आली आणि आषाढात एक दिवस रियाज करताना तिचा आवाज मधेच फाटला. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरतंतूंवर बारीक गाठी. आधी पूर्ण मौन, मग हळूहळू बोलणं, गाणं नंतर.

"पहिल्यासारखं गाता येईल ना?" मी विचारलं.

"बघू," डॉक्टर म्हणाले.

ते 'बघू' घेऊन मी घरी न येता आधी यमाईकडं गेले. म्हटलं, केतकी पुन्हा तुझ्यासमोर बसून गाईल, तोवर मी मीठ खाणार नाही. दसऱ्यापर्यंत होईल सगळं नीट, असा मनाशी हिशेब होता. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. पण संध्याकाळी आमटीत मीठ घालायच्या आधी मी माझी वाटी बाजूला काढली, ते ह्यांनी पाहिलं.

"हे काय?"

मी सांगितलं.

"म्हणजे औषध पोरीला आणि पथ्य तुला," हे म्हणाले. मग थट्टा सोडून हळू आवाजात म्हणाले, "शालन, तुझा नेम तुझ्या हातातला असतो गं नेहमी. हा तिच्या गळ्यात अडकवलास."

मी म्हटलं, देवी बघून घेईल.

केतकी समोर जेवायला बसली होती. तिला बोलता येत नव्हतं. ती माझ्या वाटीकडं बघत राहिली.

आणि आता श्रावणात ही गिटार.

ती मोबाइलवर कुणाकुणाचं बघून शिकायची. डाव्या हातानं तारा दाबायच्या, उजव्यानं छेडायच्या. तारा इतक्या वर ताणलेल्या, की दाबता दाबता तिची बोटं लाल झाली, मग टोकं पांढरी पडली, मग सालं निघाली. मी तूप लावायला घेतलं.

"सोड की ते," मी म्हटलं. "तंबोऱ्यानं तुझी बोटं कधी सोलली नव्हती."

'सवय होईल,' तिनं उजव्या हातानं लिहिलं.

माझी फार तगमग व्हायची. देवापुढं बसलं की आतून तो खरखरीत आवाज यायचा आणि स्तोत्राची ओळ सुटायची. दूध उतू जायचं. फुलं वेचायला गेलेली मी टोपली तिथंच विसरून परत यायची. अळणी जेवणाचा त्रास नव्हता, त्याची जिभेला सवय होते. पण घरात काहीतरी सरकतंय, आणि कुठं चाललंय ते मला दिसत नाही, असं सारखं वाटायचं.

त्यात एक गोष्ट अशी, की गिटार सारखी उतरायची. आत्ता लावली की थोड्या वेळात बेसूर. केतकीचा कान तर असा, की स्वर जरा हलला तरी चेहऱ्यावर दातात खडा आल्यासारखं दिसायचं. ती थांबायची, खुंट्या पिळायची, पुन्हा सुरू करायची, पुन्हा थांबायची.

"बदलून आण ती," हे म्हणाले. "तुझा कान एवढा आणि गाडी ही अशी. प्रत्येक थांब्यावर उतरून धक्का मारायचा म्हणजे काय."

तिनं मान हलवली. नाही.

खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटत होतं. ही काही टिकणार नाही. दोन-चार दिवसांत कंटाळून ठेवून देईल, आणि मग आपसूक कोपऱ्यातल्या तंबोऱ्याकडं वळेल. तंबोऱ्याची गवसणी मी दर शुक्रवारी पुसायची, तिच्या देखत.

भाद्रपद लागला. डॉक्टरांनी पुन्हा नळी घालून पाहिलं आणि म्हणाले, "गाठी विरल्या. आता बोला हळूहळू. गाणंही सुरू करा, सावकाश, झेपेल तसं."

घरी आल्यावर ती पहिला शब्द बोलली तो 'चहा'. हे लगेच माइक धरल्यासारखी मूठ तोंडापाशी नेऊन म्हणाले, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बरेच दिवस रद्द असलेली केतकी सुरू झालेली आहे." आम्ही तिघंही हसलो. मी आत जाऊन देवापुढं साखर ठेवली. तेव्हा मी तंबोरा बाहेर काढूनही ठेवला होता.

तो तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, पुढच्या आठवड्यात.

"केतकी, आज सा लावून बघतेस?"

"घसा जड आहे अजून."

"नुसता सा. झेपेल तेवढा."

"नंतर बघू, आई."

आष्टेकरबाईंचा फोन यायचा. "शालन, दसरा तोंडावर आला. एखादी चीज बसेल, जास्त नको. पण तिला इकडं पाठव तरी."

"पाठवते, बाई. बोलते तिच्याशी."

आणि संध्याकाळ झाली की आतल्या खोलीतून ती टीचभर गिटार.

शेवटी मीच ठरवलं. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये रूबेन सातपुते म्हणून एक सर मुलांना गिटार शिकवायचे. मी केतकीला म्हटलं, चल, त्यांना दाखवू. तुझं बरोबर चाललंय की नाही ते कळेल. ती खूश झाली. माझ्या मनात वेगळंच होतं. हे वाद्य शिकणाऱ्याच्या कामाचं नाही, असं जाणत्या माणसाच्या तोंडून तिनं ऐकावं, म्हणजे मला बोलायला नको.

सर चाळिशीचे, उंच. हॉलमधल्या मुलांना त्यांनी सुट्टी दिली आणि गिटार पिशवीतून काढली. बाळाची मान धरावी तशी तिची मान धरली, एक डोळा मिटून ती सरळ आहे का ते पाहिलं. मग तारा छेडल्या, खुंट्या फिरवल्या, पुन्हा छेडल्या.

"शिकायला घेतली?"

"हो," केतकी म्हणाली.

"कुणी सांगितलं ही घ्यायला?"

"मीच घेतली."

सर माझ्याकडं वळले. "ताई, रागावू नका. नवशिक्याला ही गिटार देऊ नये. ज्याला वाजवता येतंय त्यानं प्रवासात न्यायला ठीक. त्यातही ही स्वस्तातली. तारा बघा किती उंच आहेत, लोखंडी गज दाबल्यासारखं होतं. लावलेली राहत नाही. जागा एवढी अरुंद, की बोटांत बोटं अडकतात. शिकणाऱ्याला वाटतं आपल्यालाच येत नाही. माझ्याकडं अशी किती पोरं आली आणि सोडून गेली."

मला हवं ते मिळालं होतं. मी केतकीकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली होती, पण चेहरा पडलेला नव्हता.

"वाजव बघू काय येतंय ते," सर म्हणाले.

ती वाजवायला लागली. मला गिटारीतलं काही कळत नाही. सोपंच असावं, चार-पाच सूर, फिरून फिरून तिथंच येणारे. पण सर भिंतीला टेकले होते ते हळूहळू सरळ झाले. वाजवता वाजवता एक तार उतरली, तशी तिनं बोट किंचित ओढून तो सूर जागेवर आणला आणि तशीच पुढं गेली.

"हे कुणी शिकवलं, तार ओढायचं?"

"कुणी नाही. उतरते ना सारखी. मग काय करणार."

सर हसले. "गातेस?"

"गायची."

मी घाईनं म्हटलं, "गाते, सर. घसा बिघडला होता म्हणून बंद आहे. दसऱ्याला गाणार आहे देवीपुढं."

सरांनी आम्हा दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं. मग हॉलच्या कपाटातून मोठी गिटार काढली. "ही घेऊन जा काही दिवस. इथंच पडून असते. हिच्यावर बोटं सोलायची नाहीत."

केतकीनं ती हातात घेतली, एकदा छेडली. हॉलभर आवाज घुमला; खुर्च्यांच्या पत्र्यालासुद्धा झिणझिण्या आल्या. इतका गोड आणि भरलेला आवाज. तिनं तळहातानं तारा दाबून तो बंद केला आणि गिटार परत दिली.

"नको सर. मला हीच बरी."

"का गं?"

"हिचा आवाज खोलीच्या बाहेर जात नाही."

"अगं, मग लोकांना ऐकू कसा जाणार?"

"तेच," ती म्हणाली, आणि लहान गिटार पिशवीत घालून साखळी ओढायला लागली.

वाटेत मी एवढंच म्हटलं, "ऐकलंस ना सर काय म्हणाले?" ती म्हणाली, "हो. बरोबर आहे त्यांचं." आणि घरी येऊन पुन्हा तीच गिटार मांडीत घेऊन बसली.

घट बसले. नवरात्रात माझे नऊ दिवसांचे उपास असतात, फळं आणि दूध. आष्टेकरबाईंचा पुन्हा फोन आला आणि मी 'गाईल' म्हणून सांगून टाकलं. केतकीनं ते ऐकलं. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दिवस संपत आले होते आणि तिनं एकदाही तोंडातून सूर काढला नव्हता. न्हाताना गुणगुणायची सवय होती, तेही नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. डेपोत गाड्यांची पूजा, म्हणून हे लवकर गेले. केतकी मैत्रिणीकडं गेली होती. मी घरातली हत्यारं-अवजारं पूजेला मांडली: विळी, कात्री, ह्यांची पक्कड. तंबोरा ठेवला. आणि आतल्या पलंगावर ती गिटार दिसली.

मी ती उचलून आणली तेव्हा मनात काही नव्हतं. वाद्य आहे, तर त्यालाही हळदकुंकू लावावं, एवढंच. पण तंबोऱ्याशेजारी ठेवताना तारांना हात लागला, आणि तो बेसूर आवाज मला सहन होईना. केतकीची गायची पट्टी काळी चार. तंबोरा त्याच पट्टीत लावलेला होता, मीच लावून ठेवायची. मी तंबोऱ्याची तार छेडली आणि गिटारीची एक खुंटी पिळत पिळत त्या सुरापाशी आणली. मग दुसरी. एक पंचमाला, एक षड्जाला, पुन्हा पंचम, पुन्हा षड्ज. तार तुटते की काय, अशी भीती वाटत होती, पण मी थांबले नाही. बारीकशा तारेपर्यंत सगळ्या लावल्या आणि एकदम छेडल्या.

खोलीत तंबोरा उभा राहिला. लहानसा, किरट्या आवाजाचा, पण तंबोराच. मला वाटलं, देवीनंच सुचवलं हे. केतकी संध्याकाळी सवयीनं गिटार घेईल, छेडेल, आणि हा सा कानावर पडला की गळा आपोआप उघडेल. इतक्या वर्षांचा रियाज कुठं जातो?

हळदकुंकू लावून मी ती परत पलंगावर ठेवली.

केतकी दिवेलागणीच्या आधी आली. मी स्वयंपाकघरात पुरणाची डाळ धूत होते आणि कान सगळा आत. पिशवी ठेवल्याचा आवाज. पलंग कुरकुरला. मग तारा वाजल्या.

पुन्हा वाजल्या. एकेक करून. पंचम, षड्ज.

मग काहीच नाही.

मी हात पुसत दारात आले. ती गिटार मांडीत घेऊन बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आवाज न करता. मला वाटलं, झालं. आता गाईल.

"आई, हिचा तंबोरा केलास तू."

"पूजेला घेतली होती. बेसूर होती म्हणून जरा..."

"ही एकच जागा होती गं माझी." ती ओरडली नाही. तिच्या सवयीनं हळूच बोलत होती, पाटीवर लिहिल्यासारखं एकेक वाक्य. "म्हणून तर असली घेतली. इतकी लहान, इतकी वाईट. हिच्यावर कुणी परीक्षा देत नाही. कुणी म्हणत नाही, चल, देवळात वाजव. सर म्हणाले ना, नवशिक्याला चालत नाही. मला शिकून कुठं जायचंच नव्हतं. मला नुसतं वाजवायचं होतं."

"आणि गाणं?"

"डॉक्टर म्हणाले ना, बोलायचं नाही, गायचं नाही. त्या रात्री मला किती शांत झोप लागली माहितीय? पहाटे उठायचं नव्हतं. कितीतरी वर्षांनी." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "मी रोज म्हणायची, देवी, आवाज येऊ देऊ नको. आणि तू पलीकडच्या खोलीत म्हणायचीस, येऊ दे. पंचाईत झाली असेल बिचारीची."

मी चौकट धरून उभी होते.

"कधी बोलली नाहीस, केतकी."

"कशी बोलणार? तू मीठ सोडलंस. रोज तुझी वाटी वेगळी. मी घास घेतला की तू अळणी खातेस ते दिसायचं. हे असं कुणी करतं का गं? मी न गायले तर तू जन्मभर तशीच जेवणार."

तिनं गिटार बाजूला ठेवली.

"उद्या गाते मी," ती म्हणाली. "देवळात. तुझा नेम सुटेल. पण मग पुन्हा नाही. चालेल?"

त्या रात्रीच्या झोपेचं काही सांगण्यासारखं नाही. सकाळी उठून मी घट उठवला, पुरणावरणाचा नैवेद्य केला. हे दोनदा म्हणाले, "तोंड का असं तुझं? आज तर सुटणार की नेम." मी म्हटलं, "हो."

देवळात गल्लीतल्या सगळ्या बायका जमल्या होत्या. आष्टेकरबाई पेटी घेऊन बसल्या होत्या, शेजारी त्यांची एक धाकटी शिष्या, गौरवी. केतकी निळी साडी नेसून आली होती. तिनं देवीला नमस्कार केला, बाईंना केला, आणि तंबोरा घेऊन बसली. मी नेहमीच्या खांबापाशी. पण टेकवत नव्हतं. तिच्या गळ्याची शीर ताणलेली मला एवढ्या लांबून दिसत होती.

आरती झाली. गुरवकाकू देवीपुढचा प्रसाद वाटत आल्या. देवीला त्यांच्या घरच्या घुगऱ्या असतात; हरभरे शिजवून, मीठ-मिरची लावून. माझ्यापाशी आल्या आणि पुढं जायला लागल्या. त्यांना माझा नेम माहीत होता. एव्हाना गल्लीत सगळ्यांनाच माहीत झाला होता.

"काकू," मी म्हटलं, "मला राहिला."

त्या थबकल्या. "अगं, मीठ आहे यात. आधी गाऊ दे तिला. मग देते की."

मी ओंजळ पुढं केली.

त्यांनी बाईंकडं पाहिलं, देवीकडं पाहिलं, आणि चमचाभर घुगऱ्या माझ्या हातावर घातल्या. मी देवीकडं तोंड केलं. मनात काही आलं नाही; ना क्षमा, ना मागणं. घुगऱ्या तोंडात टाकल्या आणि चावून खाल्ल्या.

बाईंची बोटं पेटीवर तशीच.

"शालन, हे काय केलंस?"

"बाई, केतकी गाणार नाही," मी म्हटलं. इतक्या लोकांत मी कधी बोलले नव्हते. आवाज माझा मलाच ओळखू येईना. "घसा बरा आहे तिचा. पण गाणार नाही."

"आज नाही?"

"तिला वाटेल तेव्हा. नाही वाटलं तर नाही."

"आणि तुझा नेम?"

"मोडला."

कुणीतरी मागून 'अगं बाई' म्हणालं. आष्टेकरबाई माझ्याकडं बघत राहिल्या. तापट बाई, आता काय बोलतात असं झालं. पण त्या केतकीकडं वळल्या. तिनं तंबोरा उराशी धरला होता आणि ती माझ्याकडं बघत होती, लहानपणी गर्दीत हात सुटल्यावर बघायची तशी.

"गौरवी, तू ये," बाई म्हणाल्या. मग जरा कोरड्या सुरात, "केतकी, साथीला तंबोरा तरी धरशील ना? का तोही सोडलास?"

"धरते, बाई," केतकी म्हणाली आणि मागं सरकून बसली.

गौरवी घाबरत घाबरत गायली. दोनदा चुकली. केतकी मागं बसून तारा छेडत होती, डोळे मिटून, खांदे सैल सोडून. गेल्या कित्येक दसऱ्यांत मी तिचे खांदे असे पाहिले नव्हते.

सगळं आटोपल्यावर आम्ही देवळाच्या पायऱ्या उतरलो. हे खाली उभे होते. आत काय झालं ते कुणीतरी त्यांना सांगितलेलं दिसत होतं. त्यांनी माझ्या हातातली पूजेची पिशवी घेतली.

"आई," केतकीनं विचारलं, "कसं लागलं गं मीठ? इतक्या दिवसांनी?"

मी जरा विचार केला. "गुरवकाकूंना कुणीतरी सांगायला हवं," मी म्हटलं. "मूठभर जास्तच घालतात त्या. देवी काही बोलत नाही म्हणून."

ती हसली. आधी नाकातल्या नाकात, मग तिला आवरेना. गळ्यावर हात न ठेवता, पायरीवर थांबून, मान मागं टाकून हसली, आणि ते हसणं देवळाच्या भिंतीवर आपटून साऱ्या गल्लीत गेलं. हेही हसायला लागले.

मी उभी राहिले. मला कान आहे. त्या हसण्यात वरचा सा होता, स्वच्छ, कुठंही न फाटलेला, आजारापूर्वीही कधी लागला नव्हता असा.

मी काही बोलले नाही. पदर सावरला आणि त्या दोघांच्या मागून घराकडं चालायला लागले.